जुन्या विहिरीचा गाळ

बालाघाटच्या डोंगरात, धारूर आणि अंबाजोगाईच्या मधे, एका लहानशा गावात एक म्हातारा राहत होता. विहिरी खोदणं हा त्याचा जन्माचा धंदा. १९७२ च्या दुष्काळात तो चोवीस वर्षांचा होता. त्या साली बीड जिल्ह्यात माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, सुकडी खाऊन दिवस काढत होती आणि गुरं दावणीला उभ्या उभ्या वाळत होती. तेव्हा त्यानं पहिली विहीर खोदली. पुढं पन्नास वर्षं तो खोदतच राहिला. गाव त्याला आबा म्हणू लागलं. खरं नाव रेशनकार्डावरच उरलं.

आबांची एक गोष्ट आसपासच्या गावांत सांगितली जायची. शेजारच्या गावात एका शेतकऱ्याची जुनी दगडी विहीर होती. तिचं पाणी आटलं होतं. थोरला मुलगा म्हणाला, "तळाला सुरुंग लावू. खडक फुटला की पाणी येईल." धाकटा म्हणाला, "कशाला? बुजवून टाकू अन् बोअर घेऊ." बापाला काही सुचेना. त्यानं आबांना बोलावलं.

आबा दोर धरून खाली उतरले. बराच वेळ वर आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या मुठीत काळा गाळ होता.

"झरा जिता हाय," ते म्हणाले. "गाळानं तोंड बुजलंय त्याचं. सुरुंग लावाल तर सगळी बांधणी खाली बसंल. बुजवाल तर जित्या झऱ्यावर माती टाकल्यासारखं व्हईल."

"मग करायचं काय?"

"गाळ काढायचा. टोपल्या-टोपल्यानं."

"किती दिवस?"

"ते विहीर सांगंल."

आबा रोज उतरले. दिवस मावळला की ते कोळशानं काठावरच्या दगडावर एक रेघ ओढायचे. एकेचाळीस रेघा झाल्या. एकेचाळिसाव्या दिवशी तळाच्या एका फटीतून बोटाएवढी धार आली.

दिवस गेले. आबा पंच्याहत्तरीला आले. बायको आधीच गेली होती. मुलगा आणि सून दर वर्षी दसरा झाला की ऊस तोडायला जायचे. नातू आबांजवळ राहायचा. आबा भाकरी थापायचे, नातू दप्तर भरायचा, आणि सहा महिने निघून जायचे.

त्या वर्षी भाद्रपदात सून आबांच्या पाठीवर पाणी ओतत होती. तिला खांद्याखाली एक गाठ दिसली. करवंदाएवढी, रंगानंही तशीच जांभळी. तिनं बोट लावून पाहिलं. गाठ कडक होती.

"मामा, दुखतंय का?"

"काय बी नाही."

आठ दिवसांनी छातीवर तशाच तीन गाठी आल्या. मग कपाळावर एक. मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणली. ती संपली, दुसरी आणली. कुणी कडुनिंबाचा पाला वाटून लावायला सांगितलं, तो लावला. गाठी वाढतच राहिल्या. कुणी म्हणालं, उष्णता आहे. कुणी म्हणालं, नागीण आहे. आणि कुणीतरी हळूच म्हणालं, महारोग आहे.

तो शब्द गावभर फिरायला एक दिवस पुरला. पारावर आबा बसले की शेजारचा माणूस हातभर सरकायचा. चहाचा एक कप वेगळा ठेवला जाऊ लागला. त्याचा कान फुटलेला होता. आबांनी ते पाहिलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते पाराच्या खालच्या दगडावर एकटेच बसू लागले.

त्यांचं अंगही खचत होतं. घरापासून पारापर्यंत येताना त्यांना दोनदा थांबावं लागायचं. हिरड्या सुजल्या होत्या. भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला की त्यावर रक्त दिसायचं. आबा भाकरी आमटीत कुस्करून खाऊ लागले. सुनेनं ताट उचलताना ते पाहिलं.

रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "मामांना अंबाजोगाईला न्यायला पाहिजे."

तो गप्प राहिला. दसरा पंधरा दिवसांवर होता. मुकादमाची उचल घेऊन झाली होती आणि खर्चूनही झाली होती. त्याचे चुलते म्हणाले, "आता वय झालं त्यांचं. पिकलं पान आहे. कशाला दवाखाने करता?"

सून म्हणाली, "पिकलं असंल. पण काय झालंय ते तरी कळू द्या."

दुसऱ्या दिवशी ती आबांना घेऊन एसटीत बसली.

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. खेड्यापाड्यांसाठी म्हणून ते सत्तरच्या दशकात सुरू झालं. भोवतालच्या तालुक्यांतली माणसं तिथं उजाडताच रांगेला लागतात. आबांचा नंबर दुपारी आला. कातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. आबा दारातच थांबले.

"आत या ना, आजोबा."

"बाई, लोकं म्हणतात महारोग हाय. म्हणून लांबच थांबलो."

डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांनी आबांचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले. कापसाचा बारीक बोळा घेऊन त्या एकेका गाठीला हलकेच लावू लागल्या. "आता कुठं लागलं? आता?"

आबा दर वेळी बरोबर सांगत गेले. खांद्यावर. छातीच्या डाव्या बाजूला. कपाळावर.

"कुष्ठरोगात चट्टा बधिर होतो, आजोबा. गाठींच्या प्रकारात तसं नसतंही, म्हणून मी कातडीचा नमुना घेऊन खात्री करते. पण मला हा तो आजार वाटत नाही. आणि असता तरी घाबरायचं काय होतं? त्याचं औषध फुकट मिळतं आणि माणूस पूर्ण बरा होतो. कप वेगळा ठेवायचं काहीच कारण नाही."

कपाचं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. आबांनी मान खाली घातली.

मग त्यांनी आबांचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. धोतर गुडघ्यापर्यंत सारून नडग्या पाहिल्या. नडग्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके होते. त्यांनी एक ठिपका दाबला. तो पांढरा झाला नाही, लालच राहिला. त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी मलम लिहून दिलं नाही. रक्ताची चिठ्ठी लिहिली.

रक्ताचा कागद संध्याकाळी आला. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असाव्यात, त्या साठ हजार होत्या. प्लेटलेट दीड लाखाच्या वर असाव्यात, त्या बावीस हजार होत्या. हिमोग्लोबिन सहा होतं. आबांना त्याच रात्री भरती करून रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी छातीवरच्या एका गाठीचा, पेन्सिलीच्या टोकाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला.

डॉक्टरीणबाई खाटेजवळ येऊन बसल्या. "आजोबा, हा आजार कातडीचा नाही. तो रक्ताचा आहे. कातडीवर नुसता दिसतोय."

आबा थोडा वेळ छताकडे बघत पडले. मग म्हणाले, "विहिरीच्या भिंतीला ओल दिसती, बाई. येडा माणूस तिथंच गिलावा करतो. पाणी कुठनं येतंय ते बघत नाही."

"तसंच आहे," त्या म्हणाल्या. "पाणी कुठनं येतंय ते बघायला तुम्हाला छत्रपती संभाजीनगरला जावं लागेल. कर्करोगाच्या सरकारी रुग्णालयात."

सून आबांना घेऊन निघाली. सोबत चुलते आले. केज गेलं, बीड गेलं, गेवराई गेलं. बीडजवळून जाताना आबा खिडकीतून बघत म्हणाले, "हितं खजाना विहीर हाय. निजामशाहीतली. चारशे वर्षं झाली, अजून पाणी देती." मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

शहरातल्या रुग्णालयात आबांच्या कमरेच्या हाडाला भूल देऊन, जाड सुईनं आतला मगज काढून घेतला. रक्त तिथंच तयार होतं. तपासणीत कळलं की मगज कच्च्या पांढऱ्या पेशींनी भरून गेला होता. चांगलं रक्त तयार व्हायला जागाच उरली नव्हती. त्याच कच्च्या पेशी रक्तातून वाहत जाऊन कातडीत आणि हिरड्यांत साठल्या होत्या. आजाराचं नाव तीव्र मायलॉइड ल्युकेमिया. तो कातडीत उतरला की त्याला ल्युकेमिया क्युटिस म्हणतात.

तिथले मोठे डॉक्टर वयस्क होते. चुलत्यांनी त्यांना बाजूला घेतलं. "साहेब, म्हाताऱ्याला काही सांगू नका. धसका घेईल. जे काय असेल ते आम्हाला सांगा."

आबा दाराशी खुर्चीत बसले होते. त्यांना ऐकू गेलं.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "पन्नास वर्षं मी विहिरी खोदल्या. खाली पाणी असो नाहीतर नुसता पाषाण, मालकाला खोटं कधी सांगितलं नाही. आता ही विहीर माझी हाय. मालक मी. मला सांगा."

डॉक्टरांनी आपली खुर्ची ओढून आबांच्या समोर ठेवली. सुनेलाही बसायला सांगितलं. मग ते सावकाश बोलू लागले.

"बाबा, आपल्यापुढं तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे मोठी केमो. तरुण माणसाला आम्ही तीच देतो. पंच्याहत्तरीच्या शरीराला ती बहुतेक सोसत नाही. आजार हटायच्या आधी माणूसच खचतो. दुसरी वाट म्हणजे आजाराला हात लावायचा नाही. गरजेला रक्त द्यायचं, दुखणं कमी करायचं, घरी ठेवायचं. तीही वाट वाईट नाही, पण दिवस थोडे मिळतील. तिसरी वाट मधली आहे. पोटाच्या कातडीखाली रोज इंजेक्शन, सात दिवस. अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा सात दिवस. सोबत गोळ्या. असं चालू ठेवायचं."

"कसलं इंजेक्शन?"

"अ‍ॅझासिटिडिन त्याचं नाव. १९६४ साली युरोपात, प्राग शहरात ते पहिल्यांदा तयार झालं. सुरुवातीला डॉक्टरांनी ते मोठ्या मापानं देऊन पाहिलं. पेशी मारायच्या म्हणून. माणसांना ते सोसेना. पुढं ध्यानात आलं की लहान मापानं, सावकाश दिलं तर ते कच्च्या पेशींना वळण लावतं. औषध तेच, माप बदललं. गोळीचं नाव व्हेनेटोक्लॅक्स. ती नवी आहे."

चुलते मधेच म्हणाले, "साहेब, गाठींनाच रेडिएशनचा शेक दिला तर?"

"शेकानं गाठ विरेल. पण मगजातून नव्या पेशी येतच राहतील. एखादी गाठ मागं राहून त्रास देऊ लागली तर तिच्यापुरता शेक देऊ. आधी मगज बघायचा."

"मी बरा व्हईन का?" आबांनी विचारलं.

डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "मुळापासून बरं होण्याची आशा फार थोडी आहे. २०२० साली एक मोठा अभ्यास छापून आला. तुमच्यासारखे, मोठी केमो न झेपणारे ४३१ जण त्यात होते. इंजेक्शन आणि गोळ्या दोन्ही मिळालेल्या शंभरातल्या सहासष्ट जणांचा आजार मागं हटला. दोन्ही मिळालेल्या सगळ्यांतले निम्मे लोक जवळजवळ पंधरा महिने किंवा त्याहून जास्त जगले. नुसतं इंजेक्शन मिळालेल्यांत हा आकडा साडेनऊ महिन्यांचा होता. तुमचा आजार कातडीपर्यंत आलाय, म्हणजे तो जरा हट्टी आहे. तेव्हा तुम्हाला नेमके किती दिवस, हे मी सांगू शकत नाही."

"ते विहीर सांगंल," आबा म्हणाले.

डॉक्टरांना ते कळलं नाही. सुनेला कळलं. तिनं पदर डोळ्यांना लावला.

आबा म्हणाले, "गाळ काढू. पण माझ्या तीन गोष्टी लिहून घ्या. दोन एकर रान हाय, ते इकायचं नाही. अंग साथ देईना झालं तर मला मशिनीला लावून ठेवायचं नाही. अन् बास म्हणलो की बास."

डॉक्टरांनी तिन्ही गोष्टी केसपेपरवर लिहिल्या आणि आबांना वाचून दाखवल्या.

सुनेनं नवऱ्याला फोन केला. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ती मागं राहिली तर कोयता अर्धा होणार आणि उचलीचा अर्धा पैसा परत द्यावा लागणार. नवरा फोनवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू आबांजवळ राहा." त्यानं दारची म्हैस विकली, अर्धी उचल परत केली आणि दसऱ्यानंतर तो एकटाच तोडीवर गेला. रुग्णालयातल्या समाजसेवकानं रेशनकार्ड घेऊन जनआरोग्य योजनेचे कागद भरून दिले. काही त्यातून भागलं, काही पदरचं लागलं. रानाला मात्र हात लागला नाही.

उपचार सुरू झाला. आधी गोळ्या देऊन वाढलेल्या पांढऱ्या पेशी खाली आणल्या. एकदम पुष्कळ पेशी मेल्या तर त्यांचा कचरा मूत्रपिंडात अडकतो. म्हणून पहिल्या फेरीला आबांना भरती ठेवलं, सलाईन लावलं आणि दिवसातून दोनदा रक्त तपासलं. सात दिवस, सात इंजेक्शनं. पोटावर टोचल्या जागी लाल चकत्या उठल्या. सून रोज संध्याकाळी एका वहीत पेन्सिलीनं एक रेघ ओढायची.

औषधानं वाईट पेशी घटल्या, तशा चांगल्याही घटल्या. अंगात रोगाशी झुंजायला काही उरलं नाही. डॉक्टरांनी सुनेला बजावलं होतं, "ताप १०० च्या पुढं गेला की सकाळची वाट बघायची नाही." भरतीतून सोडल्यावर ती आबांना घेऊन रुग्णालयाजवळ एका खोलीत राहत होती. तिसऱ्या आठवड्यात, रात्री दोनच्या सुमाराला आबा थरथरू लागले. तिनं काखेत थर्मामीटर लावलं. १०२. तिनं आबांना घोंगडीत गुंडाळलं, रिक्षावाल्याला उठवलं आणि अर्ध्या तासात रुग्णालय गाठलं. त्याच रात्री शिरेतून प्रतिजैविकं सुरू झाली. नऊ दिवस ताप चढत-उतरत राहिला. त्या नऊ दिवसांत दिवाळी येऊन गेली.

दहाव्या दिवशी आबांनी डोळे उघडून विचारलं, "किती रेघा झाल्या?"

"सातच, मामा."

"लई राहिल्यात मग," ते म्हणाले आणि त्यांनी पेज मागितली.

पुढच्या फेऱ्यांना डॉक्टरांनी गोळ्यांचे दिवस कमी केले. दोन फेऱ्यांत थोडं जास्त अंतर ठेवलं, म्हणजे रक्ताला सावरायला वेळ मिळेल. तिसऱ्या फेरीपासून इंजेक्शनं घराजवळ घेता यावीत म्हणून चिठ्ठी लिहून दिली. आबा गावी आले. सुनेनं दारात आडवा बांबू बांधला. भेटायला येणाऱ्यांनी त्याच्या पलीकडूनच बोलायचं. पाणी उकळून, जेवण ताजं, हात धुऊनच आबांजवळ जायचं. वहीतल्या रेघा तिनं घराच्या भिंतीवर उतरवून घेतल्या, कोळशानं, ओळीत सात-सात.

संक्रांतीच्या सुमाराला ती आबांच्या पाठीवर पाणी ओतत होती. तिचा हात खांद्याखाली थांबला. गाठ मऊ पडली होती. आणखी एका महिन्यानं ती कातडीबरोबर सपाट झाली. जांभळा रंग गेला आणि तपकिरी डाग राहिला. छातीवरच्या गाठी विरल्या. कपाळावरची विरली. या वेळी त्यांना कुणी मलम लावलं नव्हतं.

मगजाची पुन्हा तपासणी झाली. कच्च्या पेशी जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या.

गुढीपाडव्याच्या आसपास मुलगा तोडीवरून परत आला. बाप जिवंत सापडेल की नाही या काळजीनं तो सगळी वाट मुका होता. आबा ओट्यावर बसून नातवाला दोराची गाठ मारायला शिकवत होते. मुलगा पाया पडला आणि तिथंच बसून राहिला.

संध्याकाळी आबा पारावर गेले. आपल्या जुन्या जागी, खालच्या दगडावर बसले. त्यांच्या बरोबरीचा एक म्हातारा वरून उठला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसला. पहिल्यांदा सरकला होता तो हाच. चहा आला. त्यानं फुटक्या कानाचा कप उचलला आणि स्वतःच्या तोंडाला लावला. चांगला कप आबांपुढं सरकवला. दोघं काही न बोलता चहा प्याले.

त्या उन्हाळ्यात गावानं आपली जुनी विहीर साफ करायला काढली. आबांना खाली उतरायची मनाई होती. ते तोंडाला फडकं बांधून, लांब लिंबाच्या सावलीत खाटेवर बसले आणि तिथून सांगत राहिले. मुलगा दोर धरून उतरला. जन्मात पहिल्यांदा त्यानं बापाचं काम हातात घेतलं.

"घाई करू नको," आबा ओरडून सांगायचे. "कडंनं काढ. मधे पहार मारू नको."

जूनच्या पहिल्या पावसाआधी विहिरीला पाणी आलं.

दुसऱ्या वर्षी मुलगा लांब गेला नाही. जवळच्या कारखान्याच्या तोडीवर गेला, म्हणजे आठवड्याला घरी येता येईल. आबांनी त्या आश्विनात डोंगरातली सीताफळं खाल्ली. दिवाळी घरात साजरी केली. नातवाला सहामाहीचे मार्क विचारले. भिंतीवरच्या रेघा वाढत होत्या. तेरा फेऱ्या झाल्या. एक्क्याण्णव रेघा.

पौष महिन्यात सुनेच्या हाताला खांद्याखाली पुन्हा एक गाठ लागली. तिनं तोंडातून शब्द काढला नाही. आबाच म्हणाले, "आली ना?"

रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. डॉक्टरांनी दुसरी काही औषधं आहेत का ते सांगितलं, त्यांचा त्रास सांगितला, आशा किती थोडी आहे तेही सांगितलं. आबांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"साहेब, केसपेपरवर माझी तिसरी गोष्ट लिहिली हाय का?"

"लिहिली आहे."

"मग बास. आता झराच दमला. टोपलं टाकून उपयोग नाही."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. दुखलं तर काय द्यायचं, धाप लागली तर रक्त कधी चढवायचं, कुणाला फोन करायचा, ते सगळं त्यांनी सुनेला लिहून दिलं. निघताना ते दारापर्यंत आले आणि त्यांनी आबांना हात जोडले.

माघात एका पहाटे आबा गेले. घरी, आपल्या खाटेवर. मुलगा उशाशी होता, सून पायाशी होती. रान तसंच होतं. विहिरीला पाणी होतं.

सुतक फिटल्यावर चुलते ओट्यावर येऊन बसले. भिंतीकडे बघत म्हणाले, "एवढं करून शेवटी गेलेच की."

सून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिनं तो खाली ठेवला. "गेले," ती म्हणाली. "पण लेक परत येईस्तोवर थांबले. त्याला विहिरीत उतरवून गेले. पाराच्या खाली बसवलं होतं त्यांना लोकांनी, तिथं चांगल्या कपातनं चहा पिऊन गेले. अन् इचारून गेले. त्यांना इचारल्याशिवाय आम्ही काही केलं नाही."

चुलत्यांनी तांब्या उचलला. बराच वेळ ते नुसते रेघांकडे बघत राहिले.

घरातलं म्हातारं माणूस आजारी पडलं की आपल्या तोंडी दोन वाक्यं येतात. एक, आता वय झालं. दुसरं, काहीही करा पण वाचवा. पहिल्यानं आपण जित्या झऱ्यावर माती टाकतो, दुसऱ्यानं जुन्या बांधणीला सुरुंग लावतो. दोन्ही वेळा विहिरीच्या मालकाला विचारायचं राहून जातं. कातडीवर न दुखणारी गाठ आली, ती जाईना, सोबत थकवा आला, हिरड्यांतून रक्त आलं, तर ती ओल समजावी आणि पाणी कुठून येतंय ते बघावं. एक साधी रक्ताची तपासणी पुष्कळ सांगून जाते. मग त्या माणसासमोर खुर्ची ओढून बसावं, खरं सांगावं, आणि त्याला झेपेल तेवढ्या टोपल्यानं गाळ काढावा. किती दिवस, ते विहीर सांगते. काढायचा की नाही, ते मालक सांगतो. आपण फक्त दोर घट्ट धरायचा असतो.